रुग्णाचं सगळंच करून देऊ नका

पक्षाघाताच्या रुग्णाला कळव्याच्या किंवा वाशीच्या रुग्णालयातून घरी सोडतात तेव्हा फाइलमध्ये गोळ्यांची यादी असते, फिजिओथेरपीची तारीख असते. घास भरवायचा की चमचा त्याच्याच हातात द्यायचा, हे बहुतेक वेळा त्यात लिहिलेलं नसतं. मग घरची माणसं मायेपोटी सगळंच करू लागतात. परिचर्याशास्त्राचा, म्हणजे नर्सिंगचा, इथेच आक्षेप आहे. जे रुग्णाला जमतंय ते दुसऱ्याने करून दिलं, तर सरावाअभावी तेही सुटत जातं.

अमेरिकेतल्या परिचारिका डोरोथिया ओरेम यांनी १९७१ साली आपला सिद्धांत सविस्तर मांडला. खाणं, पाणी, शौच, हालचाल, आराम ही स्वतःची काळजी माणूस एरवी स्वतःच घेतो. आजारात गरज आणि कुवत यांच्यात तूट पडते. परिचर्या त्या तुटीपुरती असावी, त्याहून कमी नको आणि जास्तही नको. यावरून त्यांनी तीन पद्धती सांगितल्या: सगळं आपण करायचं, अर्धं-अर्धं वाटून घ्यायचं, किंवा फक्त शिकवायचं आणि पाठीशी उभं राहायचं.

ऐरोलीतल्या वन बीएचकेमध्ये डावी बाजू गेलेले आजोबा आहेत असं धरू. सुरुवातीला त्यांना कूसही बदलता येत नाही, म्हणजे पहिली पद्धत. दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण कुशीवर नाही, पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंश कलतं ठेवायचं, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. दोन्ही गुडघ्यांमध्ये एक उशी आणि पोटऱ्यांखाली एक, म्हणजे टाचा गादीला टेकत नाहीत. हाड आणि गादी यांच्यात त्वचा दाबली गेली की तिथला रक्तपुरवठा थांबतो आणि बेडसोअरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची सुरुवात होते. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून बघा. दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर इजा सुरू झाली आहे. तो भाग चोळू नका. पावडर लावून मालिश केल्याने आतली इजा वाढते. एअर बेड आणला म्हणून कूस बदलणं बंद करणं, ही चूक फार घरांत होते. ठाण्याच्या खाडीकाठच्या दमट हवेत घामाने त्वचा आधीच मऊ पडलेली असते. त्यामुळे मेणकापड थेट अंगाखाली घालू नका, वर सुती चादर हवीच.

गिळण्याची तपासणी झाल्याशिवाय तोंडाने काहीही द्यायचं नाही. परवानगी मिळाल्यावरही ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली ठेवून, अर्धा-अर्धा चमचा चांगल्या बाजूच्या गालात द्यायचा. चहा ‘हलका’ म्हणून आधी देतात, पण पातळ पदार्थच श्वासनलिकेत चटकन उतरतो. घट्ट पेज त्यापेक्षा सुरक्षित. प्यायल्यावर आवाज घरघरला तर लगेच थांबा. खाऊन झाल्यावर अर्धा तास बसवूनच ठेवा.

खरी परीक्षा दुसऱ्या पद्धतीची. आजोबा आता बसतात, उजवा हात चालतो. सदरा घालताना कमजोर हाताची बाही आधी, काढताना चांगल्या हाताची आधी. खुर्ची चांगल्या बाजूला ठेवायची. उठवताना कमजोर हात कधीही ओढायचा नाही. स्नायू सैल पडल्यामुळे खांद्याचा सांधा सरकतो आणि मग दुखण्यामुळे व्यायामच बंद पडतो. एक सदरा घालायला त्यांना पंधरा मिनिटं लागतील. सकाळी सुनेला लोकल गाठायची असते, ती दोन मिनिटांत घालून देते. त्यात तिचा दोष नाही. सकाळी तिने घालून द्यावा, संध्याकाळी निवांतपणी आजोबांनी स्वतः बदलावा. दिवसातला एक सराव ठरलेला असला तरी हात कामात राहतो.

आणि कुवत असूनही ते करत नसतील तर? इथे अमेरिकेतल्याच परिचारिका व्हर्जिनिया हेंडरसन कामी येतात. त्यांच्या मते बळ, इच्छा किंवा माहिती यांपैकी जे कमी पडतं तिथे मदत करायची. जेवण नको म्हणणारे आजोबा थकलेत, उदास आहेत, की ठसक्याला घाबरलेत? तिन्हींवर उपाय वेगळे. पक्षाघातानंतर नैराश्य बऱ्याचदा येतं आणि त्यावर उपचार आहेत. त्याला हट्टीपणा समजू नये.

खोलीबद्दल फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा पहिला नियम आजही लागू पडतो: आतली हवा बाहेरच्याइतकी शुद्ध हवी, मात्र रुग्णाला गारठा लागू नये. डासांमुळे संध्याकाळी खिडक्या बंद करण्यापेक्षा जाळी बसवा. रुग्णाजवळ कुजबुजण्यालाही त्यांचा सक्त विरोध होता, कारण ती ऐकण्यासाठी रुग्ण ताण घेतो.

पथ्य सांगताना आणखी एक अमेरिकी परिचारिका मॅडलिन लेनिन्जर यांचा विचार उपयोगी पडतो. रुग्णाच्या रीतीतलं चांगलं ते जपा, काही जुळवून घ्या, घातक तेवढंच बदला. चेंदणी कोळीवाड्यातल्या रक्तदाबाच्या आजींना ‘मासे बंद’ सांगितलं तर त्या काहीच ऐकणार नाहीत. ताजे मासे चालू राहू द्यावेत, कालवणात मीठ कमी करून कोकम वाढवावं आणि फक्त मिठात खारवलेली मासळी सोडायला सांगावी. दिवसाचं एकूण मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एका चहाच्या चमच्याहून कमी.

तिसऱ्या पद्धतीत ‘समजलं का?’ हा प्रश्न निरुपयोगी, कारण उत्तर ‘हो’च येतं. ‘करून दाखवा’ म्हणायचं. इन्सुलिनचंच बघा. एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनला लाल टोपणाची सिरिंज लागते, १०० युनिट असलेल्याला केशरी टोपणाची. १०० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं तर ५० युनिट जातात आणि साखर जिवावर बेतण्याइतकी खाली येते. ही चूक फक्त सिरिंज हातात देऊन बघितलं तरच पकडता येते.

या तीन पद्धती म्हणजे एकाच दिशेने चढत जाणाऱ्या पायऱ्या नाहीत. लघवीच्या संसर्गाने ताप आला की आजोबा चार दिवस पुन्हा पहिल्या पद्धतीवर येतात. ताप उतरून अंगात बळ येताच चमचा परत त्यांच्या हातात द्यायचा. पण तोंड अचानक वाकडं झालं, बोलणं अडखळलं किंवा हातापायातलं बळ आणखी कमी झालं, तर वाट बघू नका. तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा आणि ते शेवटचे नीट कधी दिसले होते ती वेळ लिहून ठेवा. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्या वेळेपासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं.