लेपित बायपास सर्किट

हृदय-फुप्फुस यंत्रावर शस्त्रक्रिया चालू असताना रक्त ज्या नळ्या, ऑक्सिजनेटर, साठवणटाकी व गाळणीतून फिरते, त्यांना आतून रक्तस्नेही लेप दिलेला संच. प्रौढांच्या ऑक्सिजनेटरमधील पोकळ तंतूंचे क्षेत्रफळच साधारण १.५ ते २.५ चौ. मी. असते. रक्त उघड्या प्लास्टिकला लागताच काही सेकंदांत फायब्रिनोजेन त्यावर बसते, प्लेटलेट चिकटतात, गोठणसाखळीतील बारावा घटक व पूरक प्रथिने (दाह पेटवणारी रक्तातील संरक्षक प्रथिने) जागी होतात. नंतरचा रक्तस्राव आणि फुप्फुसांची सूज यांचे एक मूळ इथे आहे.

अमेरिकी हृदयशल्यविशारद व्हिन्सेंट गॉट यांनी १९६३ मध्ये ग्राफाइटच्या थरावर हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारे औषध, बसवून दाखवले. पुढे दोन वाटा झाल्या. आयनिक बंधाचे हेपॅरिन सोपे, पण हळूहळू धुपते. एका टोकाने सहसंयुज बंधाने जोडलेले हेपॅरिन टिकते आणि त्याचे क्रियाशील स्थान मोकळे राहते. इतर लेपांपैकी फॉस्फोरिलकोलीन पेशीपटलाची नक्कल करते, तर पीएमईए हा बहुवारिक प्रथिनांना कमी चिकटू देतो. या दोन्हींत हेपॅरिन नसते.

हेपॅरिन-लेपाबद्दल २००७ च्या एका एकत्रित विश्लेषणात ४१ यादृच्छिक चाचण्या होत्या. रक्त देण्याची व छाती पुन्हा उघडण्याची गरज कमी झाली. व्हेंटिलेटरचे काही तास आणि अतिदक्षता विभागातील मुक्काम घटला. मृत्युदरात मात्र ठोस फरक पडला नाही. लेपाची किंमत याच मोजपट्टीवर ठरवावी. ऑक्सिजनेटरच्या तोंडाशी फायब्रिन व प्लेटलेट साचून दाब अचानक चढण्याचा धोकाही हेपॅरिन-लेपाने कमी होतो, हा फायदा फार कमी चर्चिला जातो.

खर्चाचा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. रक्ताची एक पिशवी वाचली तर तपासणी, जुळवणी व साठवणीचा खर्च वाचतो. पण अर्धा दिवस लवकर रिकामी झालेली खाट लगेच दुसऱ्या रुग्णाला मिळाली नाही, तर कर्मचाऱ्यांचा पगार तेवढाच राहतो आणि बचत कागदावरच उरते. त्यामुळे पैसा आधी दीर्घ बायपास (यंत्रावर जास्त वेळ राहणारे रुग्ण), पुनर्शस्त्रक्रिया, कमी हिमोग्लोबिन आणि लहान मुलांसाठी खर्चावा. ३ किलोच्या नवजात बाळाचे एकूण रक्तच सुमारे २५० मि.ली. असते, त्याच्या तुलनेत सर्किटचा पृष्ठभाग प्रचंड ठरतो.

लेप वाया जाण्याची मुख्य वाट म्हणजे सक्शन. छातीच्या पोकळीतून ओढलेले रक्त हवा, चरबी आणि टिश्यू फॅक्टर (जखमी ऊतींतील, गोठणे सुरू करणारे प्रथिन) घेऊन येते; ते थेट टाकीत सोडले तर लेप असूनही गोठणसाखळी पेटते. ते वेगळे घेऊन सेल सेव्हर या रक्तपेशी धुणाऱ्या यंत्रातून धुवावे. ऑक्सिजनेटर लेपित आणि नळ्या साध्या, अशी अर्धवट जोडणीही फायदा घटवते. कॅन्युलापासून (रुग्णाच्या रक्तवाहिनीत वा हृदयात घातलेल्या नळीपासून) कॅन्युलापर्यंत सगळे लेपित असावे. प्राइममध्ये (सर्किट आधी भरून ठेवण्याच्या द्रवात) अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन घालून पृष्ठभाग तात्पुरता झाकणे हा जुना पर्याय आहे.

लेप आहे म्हणून रुग्णाला द्यायचा हेपॅरिनचा डोस मनाने कमी करू नये. प्रति किलो ३०० ते ४०० युनिट देऊन एसीटी (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची चाचणी) ४८० सेकंदांच्या वर ठेवण्याची रूढ पद्धत लेपित सर्किटलाही लागू धरावी. कमी डोसने चालवायचे तर त्यासाठी लिखित कार्यपद्धती हवी. लेप फार तर पृष्ठभागावर काम करतो, टाकीत थांबलेल्या रक्ताचे रक्षण करत नाही. हेपॅरिनमुळे प्लेटलेट घटण्याचा आजार असलेल्या रुग्णाला हेपॅरिन-लेपाचा संच लावू नये. त्याच्यासाठी हेपॅरिनविरहित लेप निवडावा आणि खोक्यावरील लेपाचे नाव जोडणीपूर्वी तपासावे. काही कॅन्युला व कॅथेटरही हेपॅरिन-लेपित असतात, आणि चूक बहुधा तिथेच राहते.