सळया टाकल्या की पाणी तपकिरी होतं, ते नेमकं कशाने

सोलापुरात आरओचे पाण्याचे फिल्टर विकायला येणारे लोक दारात दोन ग्लास मांडतात, एकात नळाचं पाणी दुसऱ्यात फिल्टरचं, दोन्हीत सळयांचं मशीन बुडवतात नि बटण दाबतात. थोड्या वेळात नळाचं पाणी गढूळ, तपकिरी, वर फेस. फिल्टरचं जसंच्या तसं. मग म्हणतात "बघा काकू, हे विष पाजताय लेकरांना."

अहो ती घाण पाण्यात नव्हतीच, सळईतून आली! त्यात सहसा एक सळई लोखंडाची असते, करंट गेला की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंजासारखा साका होतो. करंट वाहायला पाण्यात क्षार लागतात, नळाच्या पाण्यात ते असतातच, आरओने काढून टाकलेले म्हणून तिथे करंट जवळपास जातच नाही. पुढच्या वेळी त्यांच्या आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकायला लावा, तेही तसंच होतंय बघा.

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मीटरवर 300 दाखवून घाबरवतात, तेही चूक. भारतीय मानक आयएस 10500 प्रमाणे लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंत चालतं, दुसरं पाणीच नसेल तर 2000 पर्यंत. बोअरचं पाणी फारच खारं असेल तर आरओ जरूर घ्या, माझी ना नाही. पण उजनी धरणाचं पाणी आपल्याकडे काही दिवसांआड येतं, पिंपात साठवावं लागतं, तिथे खरी भीती जंतूंची, आणि ते ना सळईने कळतात ना टीडीएस मीटरने. शंका आली तर मिनिटभर खळखळून उकळा, पिंप झाकून ठेवा.