बी जागेवर टोकायचं की रोप करून लावायचं?

भेंडीचं बी सरळ जागेवर टोकतात आणि वांग्याचं आधी रोप करतात. ज्यांच्या घरी परसबाग पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांना हे वेगळं सांगावं लागत नाही. शहरात मात्र बियाण्याची पाकिटं एकदम घरी येतात आणि एकाच रविवारी गाजर, मिरची, मेथी, टोमॅटो, दोडका असं सगळं एकाच ट्रेमध्ये पडतं. महिनाभराने ती रोपं उपटून कुंड्यांत लावली जातात. मिरची, टोमॅटो जगतात, गाजराला फाटे फुटतात, दोडका माना टाकतो आणि दोष बियाण्यावर जातो. बियाणं बहुतेक वेळा चांगलंच असतं. दोन वेगळ्या पद्धतींची पिकं एकाच पद्धतीने लावली गेलेली असतात.

फरक मुळात आहे. बी रुजलं की पहिलं मूळ सरळ खाली जातं. गाजर आणि मुळ्यात पुढे तेच मूळ जाड होतं आणि आपण खातो. रोप उपटताना त्याचं टोक तुटलं की वाढ बाजूच्या मुळांकडे वळते आणि एका गाजराची तीन वाकडी बोटं होतात. (मातीत खडे असले किंवा ताजं शेण घातलं तरी हेच होतं, तेव्हा गाजराच्या वाफ्यात खत नेहमी पूर्ण कुजलेलंच घालावं.) भेंडी, गवार, चवळी, वाल यांचं सोटमूळ लवकर खोल जातं आणि ते दुखावलं की झाड बराच काळ जागच्या जागी बसून राहतं. वेलवर्गीय भाज्या, म्हणजे काकडी, दोडका, कारलं, दुधी, भोपळा, यांनाही मुळाला धक्का सोसत नाही.

टोमॅटो, वांगी, मिरची, कोबी, फ्लॉवर, कांदा यांचं उलट आहे. यांची मुळं थोडी तुटली तर नवी तंतुमुळं भराभर फुटतात. टोमॅटोच्या तर मातीत गाडलेल्या खोडालाही मुळं येतात, म्हणून त्याचं रोप खालची पानं काढून थोडं खोल लावलं तर ते जास्त जोमदार होतं. हा नियम वांगी-मिरचीला लावू नये. ती रोपवाटिकेत जेवढ्या खोलीवर होती तेवढ्याच खोलीवर लावावीत.

आता कुणी विचारेल, मिरचीचं बी जागेवरच टाकलं तर बिघडलं कुठे? बिघडत नाही, पण तिचं बालपण फार लांब आहे. उगवायलाच आठ ते पंधरा दिवस जातात आणि लावणीजोगं रोप व्हायला सहा आठवड्यांच्या आसपास लागतात. एवढे दिवस उघड्या वाफ्यात त्या इवल्याशा रोपावर तण, मुंग्या आणि पावसाचे टपोरे थेंब यांचा मारा होतो. हातभर जागेत शंभर रोपं सांभाळणं सोपं, सगळ्या बागेत ती विखुरलेली सांभाळणं अवघड. शिवाय तेवढे आठवडे मोठी जागा मोकळी राहते, आणि छोट्या बागेत हाच फायदा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. वाफ्यात पालक उभा असतानाच कोपऱ्यातल्या ट्रेमध्ये वांग्याची रोपं तयार होत असतात. पालक निघाला की त्याच जागी वांगी.

मेथीला यातलं काहीच लागू नाही. ती दाट पेरायची आणि साधारण महिन्याभरात काढायची, मग रोप कशासाठी करायचं?

खरा गोंधळ होतो तो वेळापत्रकात. जागेवर पेरायच्या भाजीला एकच तारीख असते. रोपाच्या भाजीला दोन असतात: बी टाकण्याची आणि रोप लावण्याची. माहितीपत्रकात रब्बी कांद्याची लावणी डिसेंबर-जानेवारी दिलेली असते. ते वाचून डिसेंबरात बी आणलं तर रोप तयार होईपर्यंत फेब्रुवारी उजाडतो आणि कांदा पोसायच्या वेळेला ऊन तापलेलं असतं. त्याचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच पडायला हवं, कारण कांद्याचं रोप तयार व्हायला सात-आठ आठवडे लागतात. खरीप कांद्याचं बी मे-जूनमध्ये आणि लावणी जुलै-ऑगस्टमध्ये. इथे वाणही बघून घ्यावा: बसवंत ७८० किंवा एन-५३ हे खरिपाचे, एन-२-४-१ हा रब्बीचा. कांद्याचं बी दरवर्षी ताजंच घ्यावं, त्याची उगवण एका वर्षात बरीच घटते.

म्हणून रोपाच्या भाज्यांचं गणित उलटं मोजत यायचं. कोबी, फ्लॉवर, टोमॅटोचं रोप चार आठवड्यांत, फार तर पाच आठवड्यांत तयार होतं. फ्लॉवर ऑक्टोबरअखेरीस लावायचा असेल तर बी सप्टेंबरअखेरीस टाकावं. वांगी आणि मिरची पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायची तर मेच्या मध्यावर सावलीत रोपं धरावी लागतात. पहिला पाऊस पडल्यावर बी शोधायला निघालं तर तो हंगाम अर्धा हातचा जातो.

जागेवर पेरायच्या भाज्यांना तारखेपेक्षा माती जास्त बोलते. पाऊस पडून गेल्यावर किंवा पाणी दिल्यावर माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा आणि बोटाने टिचकी मारताच फुटावा. हा वाफसा आला की पेरायचं. भेंडी आणि गवार जून-जुलैमध्ये होते, तशीच उन्हाळ्यासाठी जानेवारी-फेब्रुवारीतही. पण भेंडीला थंडी खपत नाही. नाशिककडे किंवा विदर्भात जानेवारीच्या रात्री गार असतात, तिथे बी मातीत नुसतं पडून राहतं आणि कुजतं. फेब्रुवारीची ऊब येईपर्यंत थांबावं आणि बी रात्रभर भिजवून टोकावं. गाजराला बरोबर याच्या उलट, ऑक्टोबर ते डिसेंबरचा गारवा लागतो.

टोकताना भेंडीच्या एका जागी दोन बिया, सुमारे दोन सेंटिमीटर खोल. उगवल्यावर जोमदार रोप ठेवून दुसरं जमिनीलगत कापावं, उपटू नये, नाहीतर शेजारच्याचं मूळ हलतं. जिथे उगवलं नाही तिथे आठवड्याभरात नांगे भरावेत, म्हणजे पुन्हा बी टोकावं, त्यापेक्षा उशिरा टोकलेलं झाड मागेच राहतं. गाजराचं बी बारीक, ते कोरड्या वाळूत मिसळून ओळीत पेरावं आणि वरून जेमतेम झाकावं. त्याला उगवायला दहा-पंधरा दिवस लागतात आणि तोवर वरची माती एकदाही सुकता कामा नये. ओलं गोणपाट अंथरावं, पण पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच दिवशी उचलावं. मग विरळणी. ती करताना जीव तुटतो हे खरं, तरी दोन रोपांत पाच-सात सेंटिमीटर अंतर ठेवल्याशिवाय गाजर पोसत नाही. बिटाची विरळणीही अशीच करावी लागते, कारण त्याच्या एका खडबडीत दाण्यात दोन-तीन बिया असतात. धणे मात्र पेरण्याआधी हलके रगडून दोन फाका कराव्यात.

रोपं करण्याची जागा गादीवाफा (उंच केलेला वाफा) असो, खणाखणांचा प्रो-ट्रे असो की पसरट कुंडी, पाणी निथळलं पाहिजे. बी ओळीत, सुमारे एक सेंटिमीटर खोल टाकावं. फोकून टाकलं की रोपं दाटीने येतात, खाली हवा फिरत नाही आणि मातीलगत देठ काळा पडून एका रात्रीत रोपं कोलमडतात. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ही बुरशी फार नुकसान करते. पाणी सकाळी द्यावं, वर पारदर्शक आडोसा करावा आणि बियाण्याला ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी, चोळावं.

लावणीच्या चार-पाच दिवस आधी पाणी कमी करून रोपं थोडी कणखर करावीत आणि ट्रे हळूहळू उन्हात सरकवावा. काढण्याआधी भरपूर पाणी द्यावं, म्हणजे मुळांना माती धरून रोप निघतं. लावणी नेहमी संध्याकाळी करावी, आणि पुढचे दोन-तीन दिवस दुपारची सावली. कांद्याच्या रोपाची पात शेंड्याकडून एक तृतीयांश कापून लावतात, त्यामुळे मुळं धरेपर्यंत पानांतून पाणी कमी उडतं.

या दोन्हींच्या मधला एक रस्ताही आहे आणि तो वेलांसाठी उत्तम. कागदाच्या पेल्यात माती-खत भरून एकेक बी टोकायचं, दोन खरी पानं आली की पेल्याचा तळ फाडून मुळाला हात न लावता सगळा गोळा आळ्यात ठेवायचा. जानेवारीत बाहेर गार असताना पेले घरात उबेला ठेवले तर काकडी, कारलं दोन-तीन आठवडे लवकर मिळतं. फक्त पेल्यात त्यांना पंधरा-वीस दिवसांपेक्षा जास्त अडकवू नये.

अलिबागकडे या दोन्ही पद्धती शेजारी-शेजारी बघायला मिळतात. भात कापून झालं की जमिनीतल्या ओलीवर वाल थेट पेरला जातो आणि तो पुढे पाण्यावाचून वाढतो, पुढे त्याच शेंगा पोपटीच्या, म्हणजे मडक्यात भाजून करायच्या पदार्थाच्या, मडक्यात जातात. तिथला पांढरा कांदा मात्र रोप करूनच लावतात, आणि त्याला पाणी द्यावं लागतं. खोल जाणारं मूळ ओलीमागे जातं. कांद्याची मुळं वरच्या थरातच पसरतात.

हे सगळं वाचून या वर्षीचा बी टाकण्याचा दिवस निघून गेला असं लक्षात आलं, तर रोपाच्या भाज्यांसाठी सरळ रोपवाटिका गाठावी. निवडताना उंच, फिकट रोपाला भुलू नये. आखूड, जाड देठाचं, गडद पानांचं रोप घ्यावं. त्याला फूल लागलेलं नसावं, कारण फुललेलं रोप मुळं धरण्याऐवजी फळाच्या मागे लागतं. गाजर-मुळ्याची रोपं कुणी विकायला ठेवली असतील तर ती घेऊ नयेत. त्यांचं पाकीट घ्यावं.