जांघेतून वाट मिळाली नाही तर?
मेंदूतली गुठळी काढताना मनगट आणि मान: कॅथलॅबसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून शीथ (धमनीत शिरायचं दार म्हणून बसवायची आखूड नळी) आणि कॅथेटर (त्यातून मेंदूपर्यंत सरकवायची लांब बारीक नळी) घेणाऱ्या कॅथलॅबमधल्या, म्हणजे अशा प्रक्रिया होतात त्या खोलीतल्या, टेक्निशियन, सिस्टर आणि स्टोअर सांभाळणाऱ्या मंडळींसाठी हे लिहिलं आहे. कोणत्या पेशंटला कोणता मार्ग, हे डॉक्टर ठरवतात. मात्र त्यांनी ऐन वेळी मार्ग बदलला, तर सामान हाताशी हवं. मेंदूची मोठी धमनी बंद पडली की दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ साली मांडला गेला. त्यातली पाच मिनिटं कपाटाची किल्ली शोधण्यात जाऊ नयेत, एवढ्यासाठी हा खटाटोप.

जांघेतली धमनी रुंद असते, ८ फ्रेंचचा शीथ सहज घेते (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप), म्हणून सुरुवात बहुधा तिथूनच होते. अडचण वर येते. उतारवयात, विशेषतः वर्षानुवर्षं रक्तदाब असेल तर, महाधमनीची कमान लांबते आणि मानेकडे जाणाऱ्या धमन्या अवघड कोनात निघतात. कॅथेटर वर ढकलावं तर ते कमानीतच वेटोळं घालून खाली घसरतं. हे सीटी अँजिओत (धमन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनमध्ये) आधीच दिसू शकतं, पण तो कमानीपासून काढलेला असला तरच.

अशा वेळी मनगट कामी येतं. मेंदूच्या मागच्या भागातली गुठळी असेल, किंवा डावी कॅरोटिड (मानेतून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी) उजव्या बाजूच्या मोठ्या शाखेतूनच निघत असेल, तर उजव्या मनगटातून वाट बरीच सरळ पडते. प्रश्न जागेचा आहे. मनगटातली धमनी साधारण दोन-अडीच मिलिमीटरची, आणि ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. इथे एक गोष्ट हमखास चुकते: शीथवरचा आकडा आतल्या व्यासाचा असतो, कॅथेटरवरचा बाहेरच्या. म्हणजे ६ फ्रेंचच्या शीथला धमनीत २ मिलिमीटरपेक्षा जास्त जागा लागते. म्हणून पातळ भिंतीचे शीथ घ्यावेत, आणि सुई टोचण्याआधी सोनोग्राफीने धमनी मोजलेली बरी. ८-९ फ्रेंचचं बलून गाइड (टोकाला फुगा असलेलं जाड कॅथेटर) इथे बहुतेकदा बसत नाही. मनगटाची ही खरी उणीव आहे. धमनी आखडू नये म्हणून व्हेरापामिल किंवा नायट्रोग्लिसरीन भरून तयार ठेवतात. त्या हाताला डायलिसिसचा फिस्टुला (धमनी आणि शीर जोडून केलेली वाट) असेल तर तो हात सोडायचा.

शीथ काढल्यावर मनगटावरच्या दाबपट्ट्यात हवा भरताना अंगठ्याला ऑक्सिमीटर लावा आणि करंगळीकडची धमनी दाबून धरा. ऑक्सिमीटरवर नाडीची लहर दिसत राहिली पाहिजे. ती गेली तर पट्टा फार घट्ट झाला. थोडी हवा सोडा. रक्त थांबावं, पण धमनी बंद पडू नये.

मानेत थेट कॅरोटिडला टोचणं हा अगदी शेवटचा उपाय. तो नवा नाही: १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझ यांनी मेंदूच्या धमन्यांचं चित्र घेतलं, ते मानेतल्याच धमनीत क्ष-किरणात दिसणारं औषध टोचून. वाट आखूड, पण गुठळी विरघळवणारं औषध दिलेल्या पेशंटच्या मानेत रक्त साचलं तर श्वासनलिका दबते. सोनोग्राफी, आखूड शीथ आणि भूलतज्ज्ञ हे तिन्ही जागेवर नसतील तर सुरुवात करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कोपरातल्या धमनीचाही मार्ग आहे, पण शेजारीच मज्जातंतू असल्याने तो क्वचितच निवडतात.

मनगटाचा ट्रे वेगळा बांधा: बारीक सुई, पातळ भिंतीचा शीथ, सिमन्स आकाराचं (टोक मागे वळलेलं) लांब कॅथेटर, पट्टा. वरच्या बाजूला सगळ्यात आधी संपणारी एक्स्पायरी मोठ्या अक्षरात लिहा, कारण हा ट्रे कधी कधी महिनोन्महिने उघडला जात नाही.