घड्याळ पुसलेला फोटो आणि शिक्का मारलेला फोटो

पिसांचा टोप, कृष्णधवल छपाई, करारी चेहरे. अमेरिकेतल्या मूलनिवासींचे जुने फोटो आपण सरसकट एकाच गठ्ठ्यात टाकतो. पण एडवर्ड कर्टिस यांचे फोटो आणि होरेस पूलॉ यांचे फोटो एकत्र ठेवले की मोठा घोळ होतो.

कर्टिस गोरे छायाचित्रकार. १९०७ ते १९३० या काळात मूलनिवासींवरचे त्यांचे २० खंड निघाले. सुरुवातीचा पैसा बँकर जे. पी. मॉर्गन यांचा. ही माणसं संपत चालली आहेत, तेव्हा आत्ताच टिपून ठेवा, ही कर्टिस यांची धारणा. १९१० साली त्यांनी पीगन जमातीतले लिटल प्लूम आणि त्यांचा मुलगा यलो किडनी यांचा तंबूत बसलेला फोटो काढला. खंडात छापलेल्या चित्रात दोघांमध्ये चिलीम आणि तिचं सामान दिसतं. मूळ काचेच्या निगेटिव्हमध्ये मात्र तिथेच एक गजराचं घड्याळ आहे! छापताना ते पुसलं गेलं.

मला ते घड्याळ फार मोलाचं वाटतं. रानगवे संपवले गेले, जमात राखीव क्षेत्रात कोंडली गेली, तरी हे बापलेक विसाव्या शतकात जगत होते, याचा तो पुरावा होता. तोच नेमका नकोसा झाला. छापील चित्राखाली दोघांची नावं आहेत, त्यामुळे फसायला होतं. नाव दिलं म्हणजे हकिकत पूर्ण सांगितली असं नसतं. तरी हे फोटो टाकून देऊ नयेत. पणजोबांचा चेहरा कुणाला इथेच सापडू शकतो.

पूलॉ स्वतः कायोवा या मूलनिवासी जमातीतले, जन्म १९०६, ओक्लाहोमा. त्यांनी आपल्याच माणसांचे फोटो काढले: सणासुदीचे, मिरवणुकांचे, रजेवर आलेल्या फौजी मुलाचे. प्रिंटच्या पाठीमागे त्यांचा शिक्का असे, ‘एका इंडियनने (म्हणजे अमेरिकेतल्या मूलनिवासीने) काढलेली छायाचित्रं’. म्हणून जुना फोटो हाती आला की आधी उलटून बघावा, आणि निगेटिव्ह कुठे जपलं असेल तर तेही.

पूलॉ यांचा १९४४च्या सुमाराचा एक फोटो आहे. बॉम्बफेकी विमानात ते स्वतः कॅमेरा घेऊन, शेजारी मशीनगनपाशी गस पामर. अंगावर लष्करी गणवेश, डोक्यावर पिसांचे टोप. इथे कुणी काही पुसलेलं नाही.