चाकाला वर जायला जागा किती?

पंधरा वर्षांची दोन दारांची स्पोर्ट्स कार पुण्यातल्या गॅरेजमध्ये गेली की निदान बहुधा एका वाक्यात होतं: ‘शॉकअप गेलेत, स्प्रिंगपण बदलून घ्या.’ (शॉकअप म्हणजे स्प्रिंगचं झुलणं आवरणारी तेलाची नळी.) मग मालकासमोर तीन वाटा असतात. मूळ मापाचा सेट, गाडी 30-35 मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा, किंवा उंची फिरवून ठरवता येणारे कॉइलओव्हर, म्हणजे शॉकअप आणि त्याभोवतीची स्प्रिंग यांची एकत्र जोडी. किमती वेगवेगळ्या, जाहिराती मात्र सगळ्यांच्या सारख्याच. निवड खरं तर साध्या भौतिकशास्त्रावर करता येते, आणि ते अकरावी-बारावीच्या पुढचं नाही.

आधी गाडीत नेमकं काय म्हातारं झालंय ते पाहू. पोलादी स्प्रिंग सहसा मऊ पडत नाही. तिचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्यांचा व्यास, त्यांची संख्या आणि पोलादाचा गुणधर्म यांवर ठरतो. यात जाडीचा वाटा चौथ्या घाताचा असतो, म्हणजे तार 10 टक्के जाड घेतली की स्प्रिंग 46 टक्के कडक होते. वयानुसार स्प्रिंग थोडी बसते, कधी गंजून तुटते, पण कडकपणा जवळपास तोच राहतो. झिजतो तो शॉकअप. त्याचं सील घासतं, तेल गळतं, दाबाखालचा वायू निघून जातो. आणि सर्वांत दुर्लक्षित म्हणजे रबर. चाकाला बॉडीशी जोडणाऱ्या आर्मच्या सांध्यांतले रबरी बुश, शॉकअपचं वरचं माउंटिंग, लिंक रॉडचे बुश. ऑक्सिजन आणि ओझोनमुळे रबर कडक होऊन चिरतं, आणि वळणावर चाक जिथे असायला हवं तिथे राहत नाही. ताम्हिणी घाटात गाडी ‘सैल’ वाटते, त्यात या रबराचा हात फार मोठा असतो. म्हणून महागडा सेट घेऊन जुन्या बुशवर बसवणं मला पैशांची नासाडी वाटते.

आता स्प्रिंग किती कडक हवी? उभ्या गाडीच्या वजनाने स्प्रिंग चाकापाशी किती दबते, त्यावरून गाडी सेकंदाला किती वेळा वरखाली झुलेल हे ठरतं. 250 मिलिमीटर दबली तर 1 हर्ट्झ, 110 दबली तर दीड, 62 दबली तर 2. रोजच्या घरगुती गाड्या साधारण 1 ते दीड हर्ट्झच्या असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार दीड ते 2 च्या, शर्यतीच्या त्याहून वर. माणसाचं शरीर उभ्या दिशेतल्या 4 ते 8 हर्ट्झच्या कंपनांना सर्वांत जास्त वैतागतं. काँक्रीटच्या रस्त्याला साडेचार मीटरवर सांधे असतील, तर ताशी 100 किलोमीटरला सेकंदाला सहा धक्के बसतात, म्हणजे बरोबर त्याच पट्ट्यात. दीड हर्ट्झची गाडी 2.2 हर्ट्झची केली, तर शॉकअप उत्तम असूनही या धक्क्यांचा दीडपटीहून अधिक वाटा आत येतो. मुंबईला जाऊन परत आलं की कंबर ते सांगतेच.

पण कंबरेपेक्षाही मोठा प्रश्न जागेचा आहे. गाडी उभी असताना चाकाला वर सरकायला साधारण किती अंतर उरतं? छोट्या स्पोर्ट्स कारमध्ये ते 70 मिलिमीटर धरू. स्प्रिंग जी ऊर्जा रिचवते ती कडकपणाच्या प्रमाणात आणि दाबलेल्या अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. गाडी 35 मिलिमीटर खाली आणली की जागा निम्मी झाली. तेवढीच ऊर्जा रिचवायची तर स्प्रिंग चौपट कडक हवी, आणि तशी गाडी दुप्पट हर्ट्झवर झुलेल, म्हणजे दीडाची 3. अशी गाडी रोज चालवता येत नाही. म्हणून गाडी खाली आणणाऱ्या स्प्रिंगा तेवढ्या कडक करत नाहीत. समजा 30 टक्के जास्त कडक घेतली, तर बम्प स्टॉपला (चाकाचा वरचा प्रवास जिथे संपतो तिथल्या रबरी ठोकळ्याला) टेकेपर्यंत ती मूळ स्प्रिंगच्या जेमतेम एक तृतीयांश ऊर्जा रिचवते. उरलेला हिशेब बम्प स्टॉपवर, मग शॉकअपवर आणि बॉडीवर.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या शिफारशीतला गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच, ताशी 25 किलोमीटरने पार करण्याजोगा गोलसर असतो. आपल्या सोसायटीच्या गेटसमोरचा तसा आहे का, ते संध्याकाळी टेप घेऊन बघा. अरुंद आणि ताठ उंचवट्यावर चाक क्षणात वर फेकलं जातं, आणि त्या क्षणी जागाच कामाला येते.

खाली आणण्याचा फायदा खोटा नाही. गुरुत्वमध्य 480 वरून 455 मिलिमीटरवर आला, तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जाणारं वजन पाच टक्क्यांनी घटतं. चांगल्या टायरपुढे हे थोडंच आहे. शिवाय पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअपच चाकाला उभं धरून ठेवतो अशी रचना) असेल, तर आर्मचा कोन बदलून गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो गुरुत्वमध्यापेक्षाही झपाट्याने खाली जातो, आणि बॉडीला कलण्याची ओढ उलट वाढते. कलणंच कमी करायचं असेल तर जाड अँटी-रोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी पोलादी दांडी, बघा. दोन्ही चाकं एकदम वर गेली की तो मधे येत नाही.

शॉकअप स्प्रिंगच्या जोडीनेच निवडायचा. स्प्रिंग दीडपट कडक केली, तर झुलणं तितकंच आवरायला अवरोध साधारण 22 टक्के जास्त लागतो. जुने थकलेले शॉकअप आणि नव्या कडक स्प्रिंगा ही जोडी म्हणूनच सर्वांत वाईट. एकनळी शॉकअपमध्ये वायू उच्च दाबाखाली वेगळ्या कप्प्यात असतो, त्यामुळे घाटात सलग राबला तरी तेलात फेस होत नाही. पण बाहेरच्या नळीला पोचा पडला की आतला पिस्टन अडतो. दगड उडणाऱ्या रस्त्यांवर दुनळी, म्हणजे आत दुसरी नळी असलेला शॉकअप, अधिक सोशिक.

कॉइलओव्हर घेतलाच, तर वरची रिंग आवळून स्प्रिंग ‘टाइट’ होते हा समज सोडा. सगळी वेटोळी सारख्या अंतरावर असलेली स्प्रिंग आवळली तरी तिचा कडकपणा बदलत नाही. बदलते ती गाडीची उंची किंवा प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगवरचा आधीचा दाब. ज्या सेटमध्ये उंची खालच्या ब्रॅकेटवर वेगळी ठरते, तिथे गाडी खाली आणूनही शॉकअपचा प्रवास वाचतो. मात्र चाक मडगार्डला घासणार नाही हे बघावं लागतं.

पुण्यात रोज वापरायच्या जुन्या स्पोर्ट्स कारला माझं मत मूळ उंचीच्या बाजूने आहे. नवे बुश आणि माउंटिंग, मूळ मापाच्या किंवा फार तर 15 मिलिमीटर खाली बसणाऱ्या स्प्रिंगा, त्यांना जुळणारे चांगले शॉकअप. नाना पेठेत सामान शोधायला जाण्याआधी शॉकअपच्या दांड्यावर एक प्लास्टिकची केबल टाय हलकेच बांधा आणि नेहमीच्या रस्त्याने आठवडाभर फिरा. ती किती वर ढकलली गेली यावरून चाक रोज किती जागा वापरतं ते कळतं. ती आत्ताच बम्प स्टॉपला टेकत असेल, तर गाडी खाली आणायचा विचार तिथेच संपतो.

बसवताना मेकॅनिकला एक गोष्ट आवर्जून सांगा. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पूर्ण आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन पडल्यावरच शेवटचा पाना द्यायचा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. अलाइनमेंट त्यानंतर.