चिपमधला न्यूरॉन आणि त्याची गळती

वाशी-नेरुळकडे खाडीकाठी सिडकोने बांधलेले होल्डिंग पॉन्ड आहेत. भरती आली की खाडीकडची झापं मिटतात आणि नाल्यांचं पाणी तळ्यात साठत जातं. ओहोटीला तळ्याची पातळी खाडीपेक्षा वर राहते, तेव्हा पाण्याच्याच दाबाने झाप उघडते. पातळी मोजायला तिथे कुणी बसलेलं नसतं. सगळा हिशेब पाणीच करतं.

न्यूरॉन, म्हणजे मेंदूतली चेतापेशी, तोही काहीसा असाच. त्याचं पेशीपटल म्हणजे एक कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा भाग), दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ मायक्रोफॅरड. शांत असताना आतला विद्युतदाब (व्होल्टेज) बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने कमी असतो, म्हणजे उणे ७०. शेजाऱ्यांचे संदेश आले की तो थोडा थोडा वर सरकतो आणि त्याच वेळी गळूनही जात असतो. उणे ५५च्या आसपास उंबरठा लागतो. तो ओलांडला की सोडियमच्या वाहिन्या धडाधड उघडतात, सुमारे १ मिलिसेकंदाचा स्पाइक, म्हणजे विजेचा झटका, उठतो, दाब पुन्हा खाली येतो आणि पेशी क्षणभर कुणालाच दाद देत नाही. हॉजकिन आणि हक्सली यांनी १९५२मध्ये नळ माकूलच्या जाड चेतातंतूवरून हे चार समीकरणांत बसवलं. चिपवर न्यूरॉनची नक्कल करणाऱ्यांना बहुतेक वेळा एवढं लागत नाही. साठवण, गळती, उंबरठा आणि रिसेट यांवर भागतं.

हे सगळं साध्या संगणकावर सोडवता येतंच. मग वेगळी चिप कशाला? १९८०च्या दशकात कॅलटेकमध्ये कार्व्हर मीड यांनी दाखवलं की समीकरण सोडवायची गरजच नाही. डिजिटल सर्किटमध्ये गेटचा (ट्रान्झिस्टर चालू-बंद करणाऱ्या टोकाचा) व्होल्टेज उंबरठ्याखाली असला की ट्रान्झिस्टर ‘बंद’ समजतात. प्रत्यक्षात तेव्हाही त्यातून अगदी बारीक प्रवाह झिरपतो आणि तो गेटच्या व्होल्टेजबरोबर घातांकी वाढतो. पेशीतल्या वाहिन्यांचं वागणंही याच वळणाचं. बहुतेकांनी दोष म्हणून बाजूला ठेवलेली गळती मीड यांनी कामाला लावली.

आकडे घालून पाहू. चिपवर १ पिकोफॅरडचा कपॅसिटर घ्या. १० पिकोअँपिअरचा प्रवाह १० मिलिसेकंद आत आला, तर त्याचा व्होल्टेज ०.१ व्होल्टने चढतो. उंबरठा ०.३ व्होल्टचा ठेवला आणि गळती नसली, तर अशा तीन संदेशांत स्पाइक. पण गळती हवी, नाहीतर काल आलेला संदेशही आजच्या हिशेबात धरला जाईल. २० मिलिसेकंदांत विसरायला लावायचं तर २० गिगाओहमचा रोध लागतो. एवढा रेझिस्टर चिपवर कोरायचा म्हटलं तर तोच सगळी जागा खाईल. त्याच्या जागी उंबरठ्याखाली चालवलेला एक ट्रान्झिस्टर बसतो.

दुखणंही इथेच आहे. शेजारी-शेजारी कोरलेले दोन ट्रान्झिस्टर कधीच तंतोतंत जुळत नाहीत. उंबरठ्यात १० मिलिव्होल्टचा फरक पडला, तरी या पट्ट्यात प्रवाह सुमारे ३० टक्क्यांनी बदलतो. एकाच नक्षीचे दोन न्यूरॉन, एक उतावळा आणि एक सुस्त. वर तापमान चढलं की गळती वाढते, म्हणजे सकाळी जुळवलेली चिप दुपारी वेगळी वागू शकते.

म्हणून मोठ्या कंपन्या डिजिटलकडे वळल्या. आयबीएमच्या ट्रूनॉर्थ चिपमध्ये (२०१४) ४,०९६ गाभे (कोअर), प्रत्येकात २५६ न्यूरॉन, म्हणजे दहा लाखांहून थोडे जास्त, आणि वीज सुमारे ७० मिलिवॅट. इंटेलच्या पहिल्या लोइही चिपमध्ये १२८ गाभे आणि सुमारे १,३०,००० न्यूरॉन. इथे दाब म्हणजे मेमरीतला एक आकडा आणि गळती म्हणजे दर पावलाला तो थोडा कमी करणं. खरं सांगायचं तर ही मेंदूची नक्कल कमी आणि हिशेबाची काटकसर जास्त. बचत होते ती दोन कारणांनी: मेमरी गाभ्याला खेटून असते आणि स्पाइक आला नाही तर सहसा काही हलत नाही. तारांचं जंजाळही टळतं, कारण सामायिक मार्गावरून फक्त ‘अमुक क्रमांकाचा न्यूरॉन पेटला’ एवढाच पत्ता जातो.

त्यामुळे ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमधले जीपीयू (एआयची गणितं करणाऱ्या चिपा) उद्या निघून या चिपा तिथे बसतील, असं समजू नये. तिथल्या एआय मॉडेलांत जवळपास सगळेच आकडे सतत गुणले जातात. न पेटणारे न्यूरॉनच नसतील तर वाचवायचं काय?

जिथे बहुतेक वेळ काहीच घडत नाही, तिथे मात्र या चिपा शोभतात. पहाटे तीनच्या पाम बीच रोडवर साधा कॅमेरा सेकंदाला २५-३० पूर्ण चित्रं पाठवत राहतो. इव्हेंट कॅमेऱ्याचा पिक्सेल उजेड बदलला तरच बोलतो. फक्त त्याला आपली वीज नडते: ५० हर्ट्झवर चालणारे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आपल्याला दिसत नाही पण कॅमेऱ्याला दिसतं. जुलैत तर प्रत्येक थेंब ही एक घटना होते आणि सामायिक मार्ग तुंबतो.

उपाय गळतीतच आहे. पाच-सहा शेजारी पिक्सेल एका गळक्या न्यूरॉनला जोडायचे. सुटा थेंब एक-दोन स्पाइक देऊन जातो आणि ते उंबरठ्याआधीच विरतात. गाडीची कड सगळ्या पिक्सेलांना पाठोपाठ चाटून जाते, म्हणून न्यूरॉन पेटतो. गळती किती ठेवायची ते जागेवरच ठरवावं लागतं. जास्त ठेवली तर थेंबांबरोबर छत्री घेऊन सावकाश रस्ता ओलांडणारा माणूसही गळून जातो.